नखांवरची रांगोळी

वर्षभर या पानावर आपण शिवणटिपण, लोणची-पापड आणि घरातल्या किडूकमिडूक दुरुस्त्यांविषयी बोलत असतो. दिवाळी अंकासाठी मात्र काही तरी हौसेचे लिहा, अशी संपादकांची आज्ञा आहे. आता हौस म्हटली की आमच्या जळगावात पहिले नाव निघते सोन्याचे. पण सोन्याचा सध्याचा भाव पाहता त्यावर लेख लिहिणे म्हणजे वाचकांच्या जखमेवर मीठ चोळणे! म्हणून मी पुष्कळच स्वस्तातली हौस निवडली आहे. नेलपॉलिशच्या दोन-तीन बाटल्या, काचेच्या मण्याची एक टाचणी, टिकल्यांचे पाकीट आणि खराट्याचा एक हीर, एवढ्या भांडवलावर घरच्या घरी नखांवर नक्षी कशी काढावी, हा आजचा विषय.

"नखे रंगवायला लेख कशाला लागतो?" असे आमच्या घरातल्या पुरुषमंडळींनी विचारलेच. त्यांना काय सांगावे? पार्लरात याच कामाला 'नेल आर्ट' म्हणतात आणि त्याचे पैसे मोजताना हीच मंडळी डोळे मोठे करतात. वास्तविक ज्या बाईने लहानपणापासून अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढली आहे, तिला यात शिकण्यासारखे फार थोडे आहे. चिमटीतून पडणारा ठिपका सारखा कसा ठेवावा, दोन ठिपक्यांत अंतर किती सोडावे, हे तिच्या बोटांना आधीच ठाऊक असते. अंगण तेवढे बोटाच्या टोकाएवढे झाले आहे, इतकेच.

नक्षीकडे वळण्यापूर्वी बाटलीत काय असते ते थोडे पाहू. खानदेशच्या वाचकांना ते ऐकून गंमत वाटेल. नेलपॉलिश वाळल्यावर नखावर जो चकचकीत पापुद्रा राहतो, त्याचा मुख्य घटक आहे नायट्रोसेल्युलोज. ते करतात लाकडाच्या लगद्यापासून किंवा कापसापासून. जिनिंगमध्ये रुई निघाली तरी सरकीला जे आखूड तंतू चिकटून राहतात ना, ते या कामी येतात. त्यांच्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक या दोन आम्लांची क्रिया केली की हा पदार्थ तयार होतो. बाझेल शहरातल्या शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हा शोध १८४६ साली जाहीर केला. त्याची आख्यायिका अशी, की प्रयोग करताना स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ल सांडले, ते त्याने बायकोच्या सुती एप्रनने पुसले, एप्रन शेगडीवर वाळत घातला, आणि वाळताच तो भपकन पेटून नाहीसा झाला! गोष्ट खरी असो वा रचलेली, बायकोचा एप्रन न विचारता घेणारा नवरा मात्र अगदी खरा वाटतो.

या कापसापासून आधी स्फोटक झाले, पुढे सिनेमाच्या फिती झाल्या आणि १९२० नंतरच्या दशकात मोटारींचा झटपट वाळणारा रंग झाला. त्याच सुमारास बायकांच्या नखांनाही तो लाभला. अमेरिकेत १९३२ साली सुरू झालेल्या रेव्हलॉनचा पहिला माल नेलपॉलिश हाच होता. आपल्याकडे १९५२ मध्ये टाटांनी लॅक्मे काढली आणि ही बाटली हळूहळू मध्यमवर्गीय घरांतल्या कपाटात आली. आज ती जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर कोणत्याही दुकानात मिळते. तेव्हा काळ्या मातीतल्या पिकाशी तिचे लांबचे का होईना, नाते आहे, हे ध्यानात असू द्या.

त्याआधी आमच्याकडे नखांचा रंग म्हणजे मेंदीचा. माझे माहेर धुळ्याचे. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, झाडांना झोके बांधतात आणि हातभर मेंदी निघते. मेंदीचे एक वैशिष्ट्य माझ्या फार दिवसांनी लक्षात आले. तळहातावरचा रंग पंधरा दिवसांत जातो, कारण कातडी झडते आणि नवी येते. नख मात्र झडत नाही, ते पुढे सरकते. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते आणि मुळापासून टोकापर्यंत पुरते नवे व्हायला सहाएक महिने घेते. अखाजी वैशाखात, दिवाळी आश्विन-कार्तिकात. म्हणजे आईच्या हातची मेंदी दिवाळीपर्यंत टोकाकडे सरकत राहते, आणि भाऊबीजेला पुन्हा माहेरी जाताना एखाद्या नखावर तिची शेवटची तांबूस कोर शिल्लक असते. मी ती कोर कापताना दर वर्षी जरा रेंगाळते.

मेंदीला आणखी एक मान होता, तो नेलपॉलिशला नाही. हाताला मेंदी लागली की त्या बाईला काम सांगायचे नाही, हा घरोघरचा अलिखित कायदा होता. तिला पाणी दुसरीने पाजायचे, घास आईने भरवायचा. आमची शेजारची आजी तर ओल्या हातांच्या पोरींवर पहाराच देई. कोणी उठली की दारातून हाक येई, "काय करी राहिनी व माय?" आणि ती पोर मुकाट्याने खाली बसे. वर्षातून एकदा का होईना, बाईचे दोन्ही हात रिकामे राहत आणि त्याबद्दल कोणी तिला बोल लावीत नसे.

नेलपॉलिश लावून बसलेल्या बाईला काय ऐकावे लागते? "लावलीस ना? वाळेल की आपोआप. तेवढे दूध बघ." ती उठते, पातेले उतरवते आणि अंगठ्याचा रंग चिमट्याला लागतो. नखांचा रंग घरी नीट का बसत नाही, याची मी पुष्कळ चौकशी केली. माल वाईट असतो, हात थरथरतो, अशी कारणे बायका सांगतात. माझ्या मते खरे कारण ती शेवटची पंधरा मिनिटे आहेत. रंगातला द्रव हवेत उडून जातो तेव्हा पापुद्रा घट्ट होतो, आणि तो उडायला वेळ लागतो. फुंकर घालून तो वेळ वाचत नाही. ही पंधरा मिनिटे मिळत नाहीत म्हणून माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींनी बाटली मुलीला देऊन टाकली आहे, आणि वर "आता आपले वय राहिले का?" असे म्हणायलाही त्या विसरत नाहीत. वयाचा येथे काहीएक संबंध नाही! आमच्या घरी मी ठरवूनच टाकले आहे. धनत्रयोदशीच्या रात्री जेवणे झाली की ओटा आवरणे आणि दूध विरजणे हे काम घरच्या पुरुषांकडे. पहिल्या वर्षी विरजण लागले नाही. दुसऱ्या वर्षी लागले. सासूबाई आधी गप्प होत्या. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच हात पुढे केला आणि "मला फिकटच लाव हो" म्हणाल्या.

धनत्रयोदशीची रात्र मी मुद्दाम निवडली. तोवर फराळाचे तळण संपलेले असते. चकल्या आणि करंज्या तळलेल्या नखांवर तेलाचा पातळ थर राहतो आणि त्यावर लावलेला रंग दोन दिवसांत सालीसारखा निघतो. म्हणून आधी हात साबणाने धुवा, कोरडे करा आणि रिमूव्हरच्या बोळ्याने प्रत्येक नख एकदा पुसून घ्या. रात्रभर रंग पक्का झाला की अभ्यंगाचे तेल आणि कढत पाणी त्याचे फारसे बिघडवीत नाही. पहिला हात रंगहीन बेस कोटचा द्यावा, नाही तर गडद रंगाने नखे पिवळी पडतात. मग रंगाचे दोन पातळ हात. दोहोंमध्ये तीन-चार मिनिटे थांबावे. एक जाड थर कधीही देऊ नये, तो वरून वाळतो आणि आत ओला राहतो. आणि रंगाची निवड करताना आपला स्वयंपाक आठवा: फिकट गुलाबीवर हळदीचा डाग बसतो, मरून, कत्थई, गडद हिरवा हे रंग वरणफोडणीला पुरून उरतात.

आता नक्षी. सर्वांत सोपा ठिपका. रंगाचा एक थेंब जुन्या बशीत काढा, टाचणीचा मणी त्यात बुडवा आणि नखावर फक्त टेकवा, दाबू नका. नखाच्या मुळाशी सोनेरी ठिपक्यांची एक ओळ काढली की मोहनमाळेचे मणी ओवल्यासारखे दिसतात. नक्षी मुळाशीच का? तर भाकरी थापताना, परात घासताना मार बसतो तो टोकाला. टोकाची नक्षी दुसऱ्या दिवशी उडते. टोकाच्या कडेवरून मात्र रंगाचा कुंचला एकदा फिरवून ती बंद करावी, म्हणजे पापुद्रा लवकर उचलत नाही.

चंद्रकोर ही माझी आवडती. यात टिकलीचा उपयोग होतो. आधी नखाला सोनेरी रंग देऊन तो दोन तास चांगला वाळू द्या. एक गोल टिकली मनगटावर दोन-चारदा चिकटवून तिचा डिंक कमी करा आणि ती नखाच्या मुळाशी अर्धी येईल अशी बसवा. उरलेल्या नखावर मरून रंग द्या आणि तो पुरता वाळण्याआधी टिकली टाचणीने अलगद उचला. मुळाशी सोनेरी अर्धचंद्र उमटतो. त्याच्या पोटात खालून थोडा मरून भरला की राहते ती चंद्रकोर. १९२० ते १९४० च्या दरम्यान युरोप-अमेरिकेतल्या बायका नखाच्या मुळाची पांढरट कोर अशीच मोकळी सोडीत आणि मधलाच भाग रंगवीत. आपण ती कपाळावर लावतो, त्यांनी नखावर ठेवली.

खास खानदेशी नक्षी हवी तर कपाशीचे बोंड काढा. गडद हिरव्या नखावर पांढऱ्या रंगाचे चार ठिपके एकमेकांना चिकटून द्या आणि ओले असतानाच टाचणीच्या टोकाने मधून बाहेर किंचित ओढा. कापूस फुटल्यासारखा दिसतो. खाली खराट्याच्या हिराने कत्थई देठ ओढला की झाले. हे काम फक्त अनामिकेवर करावे. दहाही बोटांवर बोंडे काढली तर हात शेतासारखा दिसतो आणि वेचणीला माणसे लावावी लागतील! हौशी मुलींनी कपाशीच्या फुलाचे रंग वापरून पाहावेत. ते उमलते त्या दिवशी फिकट पिवळट असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. एका हाताला एक रंग, दुसऱ्याला दुसरा. केळीचे पान तर नवशिकीलाही जमेल: पोपटी नख आणि त्यावर हिराने ओढलेली एक बारीक सोनेरी शीर.

उजव्या हाताचे काय, हा प्रश्न राहतोच. डाव्या हाताने उजवी नखे रंगवण्याचे पराक्रम करू नयेत. नणंद, जाऊ, मुलगी, शेजारीण, कोणाला तरी समोर बसवा. तिची नखे तुम्ही, तुमची तिने. भांडण झालेल्या दोन जावा या कामाला समोरासमोर बसल्याचे मी पाहिले आहे. हात हातात घेतल्यावर फार वेळ गप्प राहता येत नाही.

एक इशारा मात्र गंभीरपणे द्यायचा आहे. शोनबाइनच्या एप्रनची गोष्ट वर सांगितली ती उगीच नाही. ओली नेलपॉलिश आणि रिमूव्हर, दोन्ही चटकन पेट घेतात, त्यांची वाफही पेटते. दिवाळीत घरभर पणत्या असतात, धनत्रयोदशीला यमदीपही लागतो. तेव्हा हा उद्योग दिव्यापासून, उदबत्तीपासून आणि गॅसपासून दूर, खिडकी उघडून करावा. ओल्या नखांनी पणती लावू नये, फुलबाजी तर नाहीच. अंगठा चोखणाऱ्या मुलांना रंग लावू नये. आणि घरात कोणाचे ऑपरेशन ठरले असेल तर तिने नखे आधी पुसावीत: बोटाला लावायचे जे ऑक्सिमीटर २०२०-२१ च्या करोनाच्या काळात घरोघरी आले, ते गडद रंगातून चुकीचा आकडा दाखवू शकते.

बाटलीतला रंग घट्ट झाला तर त्यात रिमूव्हर ओतू नका, त्याने रंग बिघडतो. दुकानात नेलपॉलिशचे थिनर मिळते, त्याचे दोन-तीन थेंब पुरतात. रंग काढताना कापसाचा ओला बोळा नखावर दहा-पंधरा सेकंद नुसता धरून ठेवा आणि मग टोकाकडे ओढा, खरवडू नका. पण लगेच काढायची घाई कशाला? आठ-दहा दिवसांत नख पुढे सरकून मुळाशी उघडी कोर दिसू लागते. तेथे सोनेरी ठिपक्यांची आणखी एक ओळ द्या. तुळशीच्या लग्नाला नखे पुन्हा नवी दिसतील.