शिकाऊ हात आधी पुतळ्यावर बसू द्या



नर्सच्या नोकरीत असतानाची गोष्ट. सातव्या महिन्यातली एक बाई सोनोग्राफीच्या टेबलावर झोपलेली. एका शिकाऊ डॉक्टरने पोटावर प्रोब फिरवला, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. वार कुठे आहे हे तिघांनाही नीट दिसेना. बाईने घाबरून माझा हात धरला, "सिस्टर, माझ्या बाळाला काही झालं का?" इथे शिकवणं चाललंय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पैसे मोजणाऱ्या बाईच्या पोटावर असा वर्ग भरलेला मी तरी पाहिला नाही.

डॉक्टरांनी शिकायलाच हवं. सोनोग्राफी ही हाताची विद्या आहे. प्रोब जरा तिरका झाला की चित्र बदलतं. वार गर्भाशयाच्या तोंडावर आहे हे नजरेतून सुटलं, तर भामरागडकडच्या बाईला ते रक्तस्राव सुरू झाल्यावर कळणार. त्या दिवशी पर्लकोटेला पूर असेल तर तिने जायचं कुठे?

पण पहिली चूक आमच्याच पोटावर का व्हावी? आता सोनोग्राफीचे सिम्युलेटर मिळतात. माणसाच्या धडासारखा पुतळा आणि खोटा प्रोब. हात हलेल तसं पडद्यावर चित्र हलतं. खाली आलेली वार, नळीत राहिलेला गर्भ अशा क्वचित दिसणाऱ्या केसेसही त्यावर शंभरदा पाहता येतात. सगळ्यांना एकच केस देऊन परीक्षा घेता येते, कोणाचं काय सुटलं ते कळतं. पुतळ्याच्या पोटात बाळ नाही, त्यामुळे मुलगा की मुलगी हा प्रश्नही नाही. बाईशी बोलायचं कसं, हे मात्र पुतळा शिकवत नाही. ते माणसाकडूनच शिकावं लागेल.

२०१४ च्या नियमांनी गरोदर बाईची सोनोग्राफी करू पाहणाऱ्या एमबीबीएस डॉक्टरला सहा महिन्यांचं प्रशिक्षण लावलं. दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. म्हणजे प्रशिक्षण हवंच. ते कशावर, हा माझा प्रश्न आहे.

आणि हे गरोदरपणापुरतं नाही. आपल्या वस्त्यांत सिकलसेल आहे. अशा लेकरांच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग डॉप्लर सोनोग्राफीने मोजला, तर लकव्याचा धोका आधी कळतो. त्यालाही सरावलेला हात लागतो.

चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. महिला मंडळांनी तिथे आणि गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यांत लेखी विचारावं : शिकाऊ डॉक्टर आधी सिम्युलेटरवर शिकतात का? परीक्षा कोण घेतं? आणि ९ तारखेच्या गरोदर तपासणीला जाल तेव्हा टेबलावर झोपण्याआधी विचारा, "डॉक्टरसाहेब, तुम्ही शिकताय का? सोबत मोठे डॉक्टर आहेत का?" सरकारी दवाखान्यात गरोदरपणीची सोनोग्राफी फुकट आहे, म्हणून गप्प बसायचं कारण नाही.