टर्बोचे नियम कोणाच्या सोयीचे?

फॉर्म्युला वनच्या इंजिनांविषयी दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, २०२६चे नवे नियम म्हणजे पर्यावरणाच्या दिशेने टाकलेलं मोठं पाऊल. दुसरा म्हणतो, हे सगळं गुंडाळा आणि जुनी व्ही-१० इंजिनं परत आणा, निदान आवाज तरी येईल. एफआयए या नियामक संस्थेचे अध्यक्ष मोहम्मद बिन सुलायेम यांनीच २०२५च्या सुरुवातीला व्ही-१०चा विषय काढला होता.

या गलक्यात मूळ प्रश्न बाजूला पडतो. शर्यतीचं इंजिन कसं असावं, हे ठरवायचं कोणी? अभियंत्याने की नियम लिहिणाऱ्याने? माझं म्हणणं असं की, नियम लिहिणाऱ्याने इंधन किती आणि पैसा किती, एवढं सांगावं. सुरक्षिततेच्या अटी घालाव्यात. त्यापुढे इंजिनात काय असावं आणि काय नसावं, यात त्याने नाक खुपसू नये. २०२६चे नियम नेमकं तेच करतात.

आधी थोडा इतिहास पाहू. १९६६च्या नियमांत दोन पर्याय होते. साधं इंजिन असेल तर ३ लिटर, हवा दाबून भरणारं असेल तर दीड लिटर. बहुतेकांनी या छोट्या पर्यायाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. १९७७मध्ये रेनॉने सिल्व्हरस्टोनला दीड लिटरची टर्बो गाडी उतरवली. ती इतकी धूर आणि वाफ सोडायची की, लोक तिला ‘पिवळी किटली’ म्हणत. १९७९मध्ये त्याच रेनॉने दिजोंची शर्यत जिंकली आणि हसणारे गप्प झाले. पुढच्या काही वर्षांत बीएमडब्ल्यूचं चार सिलिंडरचं दीड लिटरचं इंजिन पात्रता फेरीत हजाराहून अधिक अश्वशक्ती देऊ लागलं. ‘टर्बो बनवा’ असा हुकूम कोणी काढला नव्हता. एक दार उघडं होतं आणि कोणीतरी त्यातून आत शिरलं.

मग ते दार बंद करण्याची घाई सुरू झाली. १९८४मध्ये शर्यतीला २२० लिटर इंधनाची मर्यादा आली, १९८६मध्ये ती १९५ झाली. १९८८मध्ये टर्बोला केवळ १५० लिटर इंधन आणि अडीच बारचा दाब एवढंच शिल्लक ठेवलं. टर्बो हरावा, हा हेतू उघड होता. झालं उलटंच. होंडाचं टर्बो इंजिन असलेल्या मॅक्लारेनने त्या वर्षीच्या १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. जे मर्यादेने साधलं नाही, ते शेवटी बंदीने साधलं. १९८९पासून टर्बो हद्दपार झाला.

२०१४मध्ये तो परत आला. या वेळी नियमाचा गाभा चांगला होता. तासाला जास्तीत जास्त १०० किलो इंधनप्रवाह आणि संपूर्ण शर्यतीला १०० किलो इंधन. याआधीची २.४ लिटरची व्ही-८ इंजिनं मिनिटाला १८,००० फेरे घेत, कारण जितके फेरे जास्त तितकी हवा आणि इंधन जास्त, तितकी ताकद जास्त. प्रवाहालाच लगाम लागल्यावर हे गणित मोडलं. जादा फेऱ्यांनी फक्त घर्षण वाढणार होतं. आता ताकद मिळवायची तर इंधनाच्या प्रत्येक थेंबातून जास्त काम काढणं भाग होतं.

यातूनच एमजीयू-एच मोलाचं ठरलं. टर्बोच्याच शाफ्टवर बसवलेली ही विजेची मोटर. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या ऊर्जेची ती वीज करते आणि चालकाने अॅक्सिलरेटर दाबताच टर्बोला क्षणात फिरवते. मर्सिडीजने टर्बाइन इंजिनाच्या मागे आणि कॉम्प्रेसर पुढे नेला, मधला शाफ्ट सिलिंडरांच्या दोन रांगांमधून काढला. २०१७मध्ये त्यांच्या इंजिनाने चाचणीत ५० टक्के औष्णिक कार्यक्षमता ओलांडली. म्हणजे इंधनातल्या निम्म्याहून अधिक ऊर्जेचं प्रत्यक्ष काम झालं. रस्त्यावरच्या साध्या पेट्रोल इंजिनात निम्म्याहून बरीच जास्त ऊर्जा वाया जाते, हे ध्यानात घेतलं तर या आकड्याचं मोल कळेल.

अर्थात २०१४चे नियमही निर्मळ नव्हते. आधी चार सिलिंडर ठरले होते, फेरारीसारख्यांचा विरोध झाला आणि सहा झाले. सिलिंडरांच्या रांगांमधला कोन ९० अंश आणि सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, हेही नियमातच लिहून टाकलं. सगळ्यांची इंजिनं भावंडांसारखी दिसली, यात नवल ते काय?

याच वर्षी ल मांच्या सहनशक्ती शर्यतींमध्ये वेगळी वाट निवडली गेली. प्रत्येक फेरीला किती ऊर्जा वापरायची तेवढं ठरवलं आणि इंजिन निवडण्याची मोकळीक दिली. ऑडीने ४ लिटरचं टर्बो डिझेल आणलं, टोयोटाने टर्बोविना ३.७ लिटरचं व्ही-८ आणलं, पोर्शेने केवळ २ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल आणलं. त्या वर्षी ल मां ऑडीने जिंकली, जगज्जेतेपद टोयोटाने घेतलं आणि पुढची तिन्ही वर्षं ल मां पोर्शेची ठरली. एका मर्यादेची तीन उत्तरं निघाली आणि तिन्ही जिंकली.

आता २०२६. एमजीयू-एच काढून टाकलं. कारणं तीन दिली गेली. ते महाग आहे, गुंतागुंतीचं आहे आणि रस्त्यावरच्या गाड्यांना निरुपयोगी आहे. तिसरं कारण आधी तपासू. हे नियम मंजूर झाले ऑगस्ट २०२२मध्ये. त्याच वर्षी मर्सिडीज-एएमजीने टर्बोच्या शाफ्टवर विजेची मोटर बसवलेली गाडी ग्राहकांसाठी बाजारात आणली. निरुपयोगी म्हणतात ते हेच का?

महागाईचा मुद्दा खोटा नाही. ल मांमधून ऑडी २०१६च्या अखेरीस आणि पोर्शे २०१७च्या अखेरीस बाहेर पडली, त्यात खर्चाचा वाटा होताच. पण तिथे खर्चाला मर्यादा नव्हती. फॉर्म्युला वनमध्ये इंजिन बनवणाऱ्यांवर २०२३पासून वर्षाला ९.५ कोटी डॉलरची आणि २०२६पासून १३ कोटी डॉलरची मर्यादा आहे. खिशाला कुलूप लावल्यावर हातही बांधायचे कशासाठी?

उरली गुंतागुंत. इथेच खरी गोम आहे. नव्याने येणाऱ्या कंपन्यांना मुरलेल्या मर्सिडीजशी पहिल्या दिवसापासून बरोबरी हवी होती. नियम मंजूर झाल्यावर काही दिवसांतच ऑडीने प्रवेश जाहीर केला. फोर्ड रेड बुलसोबत आली, होंडानेही राहायचं ठरवलं. हे सगळं खेळासाठी चांगलंच आहे. पण नवख्याला हात द्यायचा तर मागे पडलेल्या कंपनीला सुधारणेची जादा संधी देण्याची तरतूद याच नियमांत आहे. ती पुरेशी होती. मर्सिडीजने संघांचं अजिंक्यपद सलग आठ वर्षं जिंकलं, त्यामागे तिची हुशारी होती, तसंच सुरुवातीच्या वर्षांत इंजिनाच्या सुधारणांवर घातलेलं रेशनिंगही होतं. २०१५मध्ये धडपडत आलेल्या होंडाच्या इंजिनावर २०२१मध्ये व्हर्स्टॅपन जगज्जेता झाला, तेही एमजीयू-एचसकट. अवघड गोष्ट शिकता येते, हे तिने दाखवून दिलं होतं.

आणि किंमत काय मोजली? विजेच्या मोटरची ताकद १२० वरून ३५० किलोवॅट केली, पण एक्झॉस्टमधून वीज मिळवायची सोय बंद केली. आता वीज येणार ती ब्रेक दाबताना किंवा इंजिनाच्याच ताकदीने बॅटरी भरून. सरळ रस्त्यावर ती संपू नये म्हणून ताशी २९० किलोमीटरनंतर मोटरची ताकद कमी होत जाते. हवेचा रोध कमी करण्यासाठी पंख हलते करावे लागले. एक भाग काढला आणि सगळी गाडी त्या उणिवेभोवती बेतावी लागली. ज्या नियमांचा डंका ऊर्जाबचतीचा, त्यांनीच ऊर्जा वाचवणारं यंत्र हाकललं.

हा प्रकार आपल्याला परका नाही. चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर कर कमी, ही रेघ सरकारने मारली. पुण्याजवळच्या रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉनचं टर्बो इंजिन ११९९ सीसीचं आहे, नाशिकच्या महिंद्रा गाडीचं ११९७. ही मापं इंधनबचतीच्या विचारातून आलेली नाहीत, ती कराच्या रेघेला चिकटलेली आहेत. रेघ सीसीवर मारली म्हणून इंजिनं सीसीला शरण गेली. ती इंधनाच्या वापरावर मारली असती तर कदाचित वेगळी इंजिनं दिसली असती.

म्हणून व्ही-१०च्या आठवणी काढून उपयोग नाही. ‘दहा सिलिंडर हवेत’ हाही फर्मानच, फक्त जुन्या चालीचा. २०२६च्या नियमांत इंधनातून मिळणाऱ्या ऊर्जेला तासाला ३,००० मेगाज्यूलची मर्यादा आहे, खर्चालाही मर्यादा आहे. त्या दोन ठेवा. सिलिंडर किती, कोन कोणता, एक्झॉस्टवर मोटर लावायची की नाही, ही कलमं पुढच्या मसुद्यातून काढून टाका. मग कोणी चार सिलिंडर आणेल, कोणी दहाही आणेल. कोण बरोबर होतं, ते शर्यतीत दिसेल.