लेव्हीची ज्वारी आणि निजामाची गादी



दर वर्षी १७ सप्टेंबरला तालुक्याच्या गावी झेंडावंदन होते. भाषणांत रझाकार येतात, सरदार पटेल येतात, १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरहून नळदुर्गावर आलेली फौज येते. पाच दिवसांत निजाम शरण गेला असे सांगून वक्ते खाली बसतात. या सगळ्यात शेतकरी कुठे असतो? येडशीच्या बैठकीआधी आम्हाला त्याच्याविषयी लिहायचे आहे.

राजाविरुद्ध रयत नुसत्या भाषणांनी उठत नाही. भाषणे आपल्या जिल्ह्यात खूप आधीपासून होती. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ सालची. स्वामी रामानंद तीर्थ तिथे १९२९ साली आले. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषद भरली, १९३८ साली स्टेट काँग्रेसवर जन्माआधीच बंदी आली, सत्याग्रह झाला, माणसे तुरुंगात गेली. त्यांच्या त्यागाबद्दल आम्हाला आदरच आहे. पण तोवर चळवळ मुख्यतः वकील, मास्तर आणि विद्यार्थ्यांची होती. गावेच्या गावे हलली ती १९४७ साली. मधल्या दहा वर्षांत काय झाले? लेव्ही झाली.

महायुद्धात धान्याची टंचाई पडली आणि निजाम सरकारने सक्तीची वसुली सुरू केली. भाव सरकारचा, तोही बाजारापेक्षा कमी. पीक आले की बुडाले हे कोणी विचारीना. ज्याच्या खळ्यावर पुरेशी ज्वारी नाही, त्याने बाजारातून चढ्या दराने घ्यावी आणि सरकारला उतरत्या दराने घालावी, असा न्याय. मोठा देशमुख, जहागीरदार अंमलदाराला हाताशी धरून सुटे. पाच-दहा एकरवाल्याचे पेव मात्र तळापर्यंत उपसले जाई.

त्यात जमिनीचा बंदोबस्त तरी कसा? संस्थानाचा साधारण चार दशांश मुलूख दिवाणीबाहेर होता. कुठे जहागीर, कुठे पायगा, कुठे सर्फ-ए-खास, म्हणजे ज्याचे उत्पन्न थेट निजामाच्या खासगी तिजोरीत जाते असा मुलूख. दाद मागायची तर कचेरीची भाषा उर्दू. सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ आडवे, परवानगीशिवाय चार माणसे बोलवायची नाहीत. आणि ज्यांच्याकडे लेव्ही घालण्याइतकेही धान्य नव्हते, त्यांच्या पाठीवर वेठबिगार होती. येडशीच्या रेल्वेवरच पुढे असलेल्या कसबे तडवळ्याला फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले आणि महार-मांग वतनदारांची परिषद भरली. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत तडवळ्याचे नाव आम्ही फारसे ऐकलेले नाही.

आमच्या भागाला आणखी एक जाच होता. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, येडशी निजामाच्या. बार्शीची छोटी रेल्वे १९११ साली लातूरपर्यंत गेली, पण माल हद्दीवर आला की करोडगिरीचे नाके. नाण्यातसुद्धा फरक, तिकडे कलदार, इकडे हाली. कापूस पिकवायचा इथे, बाजारपेठ तिकडे, आणि मधे निजामाचा हात.

म्हणून लोकांनी १९४७-४८ साली कशावर हात टाकला ते पाहा. करोडगिरीची नाकी मोडली. लेव्ही घालायची नाही, सारा भरायचा नाही असे ठरवले. जंगल सत्याग्रह केला. सरकारला आबकारीचे उत्पन्न देणारी शिंदीची झाडे तोडली. गावचे दप्तर जाळले. लोकांचे गाऱ्हाणे काय होते ते याहून स्पष्ट कोणत्या ठरावात लिहिलेले नाही. हे गाऱ्हाणे निजामाच्या धर्माविरुद्ध नव्हते. मुसलमान कुळाच्या ज्वारीलाही लेव्हीचे माप लागतच होते.

आणि तरी शेवटी मार कोणाला बसला? रझाकारांनी गावे जाळली, माणसे मारली हे खरेच. पण पोलीस कारवाईनंतर सूड निघाला तो गरीब मुसलमानांवर. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला, आणि सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद जिल्हा होता. हे आम्ही लपवणार नाही. स्वतः निजाम मात्र राजप्रमुख झाला, १९५६ पर्यंत राहिला, वर्षाला ५० लाखांचा तनखा घेत. १९४९ साली जहागिऱ्या गेल्या, १९५० साली कुळकायदा आला. ही मोठी कमाई होती, तिला आम्ही कमी लेखत नाही.

पण शेतकऱ्याच्या मालावरचा सरकारी हात? तो गेला नाही. स्वराज्यातही ज्वारीवर लेव्ही लागली. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी आली आणि पुढची जवळपास तीस वर्षे स्वतःचा कापूस राज्याबाहेर नेऊन विकणारा शेतकरी चोर ठरला. हद्दीवर नाकी पुन्हा उभी राहिली. फक्त त्यांना करोडगिरी म्हणत नव्हते.

येडशीच्या बैठकीला येताना घरातल्या जुन्या पेट्या उघडून बघा. आजोबा-पणजोबांच्या वेळच्या लेव्हीच्या पावत्या, साऱ्याच्या पावत्या, उर्दू कागद असतील तर घेऊन या. वाचणारा माणूस आम्ही बसवतो. म्हाताऱ्यांना आठवत असेल ते विचारून या. मायबहिणींनी तर नक्की, कारण पेव उपसल्यावर चुलीवर काय शिजले ते त्यांच्याच सासवा-आजेसासवांनी सांगितलेले असणार.