गुन्पेई योकोई आणि वाळलेली विद्या

पोर खेळण्यांत दंग झालें कीं, "आतां याच्या हातून काय होणार?" असा उद्गार वडीलमाणसांच्या तोंडून सहज निघतो. तो सर्वस्वीं अनाठायीं आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. तासन् तास डोळ्यांपुढें चकाकता पडदा धरून बसणाऱ्या मुलाची काळजी आईबापांनीं करावयाची नाहीं तर कोणीं करावयाची? परंतु खेळणें हातीं घेणें ही एक गोष्ट आणि खेळण्याचें मर्म शोधीत बसणें ही दुसरी गोष्ट, हा भेद त्या उद्गारांत बुडून जातो. ज्यांनीं विजेवर चालणारे खेळ जगाच्या खिशांत नेऊन ठेवले, त्या गुन्पेई योकोई या जपानी गृहस्थांचें चरित्र वाचतांना हा भेद पदोपदीं आमच्या मनांत येत होता. म्हणून तें थोडक्यांत सांगून त्यावर आमचें मत वाचकांपुढें मांडावें असें योजिलें आहे.

योकोई यांचा जन्म क्योतो नगरांत १० सप्टेंबर १९४१ रोजीं झाला. त्याच नगरांतील दोशिशा विद्यापीठांत त्यांनीं विद्युत्-शास्त्राचें शिक्षण घेतलें. (ही संस्था निइजिमा जो या ख्रिस्ती गृहस्थांनीं १८७५ सालीं स्थापिली. देश सोडणें हा देहदंडाचा अपराध असतां विद्येसाठीं चोरून गलबतावर चढून अमेरिका गांठणारा हा पुरुष. त्यांच्याविषयीं स्वतंत्र लेखच हवा.) पदवी मिळाली तरी मोठ्या कंपन्यांनीं योकोईंना जागा दिली नाहीं. अखेर १९६५ सालीं ते गांवांतल्याच निन्टेन्डो नांवाच्या पेढींत लागले. आज हें नांव ऐकतांच मुलांचे डोळे चमकतात. परंतु त्या वेळीं ती मुख्यतः पत्ते विकणारी पेढी होती. फुसाजिरो यामाउची यांनीं १८८९ सालीं ती काढली. बारा महिन्यांच्या फुलापानांचीं चित्रें असलेले अठ्ठेचाळीस पत्ते, ज्यांस 'हानाफुदा' म्हणतात, ते तेथें तयार होत. ते पत्ते करणारीं यंत्रें नीट चालतात कीं नाहीं हें पाहणें आणि बिघडलीं तर दुरुस्त करणें, एवढेंच योकोईंचें काम. विद्यापीठाची पदवी घेऊन पत्त्यांच्या यंत्रांना तेल घालणें! आपल्याकडे एखाद्याच्या नशिबीं अशी नोकरी आली असती तर लग्नाच्या बैठकींत ती सांगतांना मुलाच्या बापानें आवाज खालीं केला असता.

यंत्रें रोज कांहीं बिघडत नाहींत. रिकाम्या वेळांत योकोई स्वतःच्या करमणुकीकरितां कांहींना कांहीं बनवीत बसत. पट्ट्या एकमेकींस तिरप्या जोडून, दुकानाच्या सरकत्या जाळीच्या दरवाजाप्रमाणें लांबणारा व आखडणारा एक हात त्यांनीं केला; मुठी जवळ आणल्या कीं तो पुढें धांवे आणि टोंकाच्या चिमट्यानें दूरची वस्तु पकडी. कारखान्याची पाहणी करीत फिरणारे मालक हिरोशी यामाउची यांच्या दृष्टीस तो पडला. योकोईंना बोलावणें आलें. आतां कानउघाडणी होणार अशा समजुतीनें ते गेले. मालकांनीं सांगितलें कीं, हेंच विक्रीसाठीं तयार करा. १९६६ सालीं 'अल्ट्रा हँड' या नांवानें तें खेळणें बाजारांत आलें आणि दहा लाखांहून अधिक खपलें.

या प्रसंगीं लोक योकोईंचें कौतुक करतात. आम्हांस त्याहून अधिक कौतुक यामाउचींचें वाटतें. कामाच्या वेळीं भलताच उद्योग करणाऱ्यास शिक्षा करण्यास फारशी बुद्धि लागत नाहीं. यामाउची हे कांहीं मऊ स्वभावाचे मालक नव्हते. त्यांची शिस्त करडी होती. तरीहि अपराध आणि वस्तु या दोहोंपैकीं त्यांची नजर आधीं वस्तूकडे गेली. आपल्या वर्गांतून बाकाखालीं कांहींतरी जोडीत बसलेला विद्यार्थी सांपडतो तेव्हां त्याच्या हातांतली वस्तु जप्त होते. ती आहे तरी काय, हें पाहण्याची तसदी किती जण घेतात?

त्यानंतर योकोई खेळणीं काढण्याच्याच कामावर नेमले गेले. १९६९ सालच्या त्यांच्या 'लव्ह टेस्टर' या यंत्राची मौज सांगण्यासारखी आहे. दोघांनीं एकमेकांचा एक हात धरावा, दुसऱ्या हातीं यंत्राची एकेक मूठ घ्यावी, आणि कांटा किती सरकतो यावरून परस्परांचें प्रेम मोजावें! प्रेम बिचारें कांट्यावर कसलें येतें? अंगांतून किंचित् वीज वाहते, हाताला घाम असला कीं अधिक वाहते, आणि कांटा पुढें जातो. वीज मोजणारा तसला कांटा आपल्या शाळांच्या प्रयोगशाळेंतल्या कपाटांतहि असतो. नवी होती ती केवळ योजना.

योकोईंच्या साऱ्या कर्तृत्वाचें सूत्र हेंच. ते त्याला 'वाळलेल्या तंत्राचा आडवा विचार' म्हणत. वाळलेलें म्हणजे मेलेलें नव्हे. जें पुष्कळ वापरून झालें आहे, ज्याच्या साऱ्या खोडी कळून चुकल्या आहेत आणि म्हणून जें स्वस्त झालें आहे, तें तंत्र वाळलेलें. आपल्याकडील सुतारास हें निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं. ओलें लांकूड दिसावयास ताजें, पण त्याचें दार केलें तर पहिल्याच उन्हाळ्यांत वांकतें. वाळलेल्या लांकडाचेंच दार टिकतें. असें वाळलेलें तंत्र ज्या धंद्यांत वाढलें तेथून उचलून भलत्याच धंद्यांत नेऊन बसविणें, हा झाला आडवा विचार.

१९७० नंतर जपानांत कॅलक्युलेटर बनविणाऱ्या कंपन्यांची मोठी चुरस लागली. शार्प कंपनीनें १९७३ सालीं द्रव-स्फटिकाच्या पट्टीवर आंकडे दाखविणारा कॅलक्युलेटर काढला, आणि पुढें किमती इतक्या उतरल्या कीं तो सामान्य कारकुनाच्याहि खिशांत आला. एकदां आगगाडीनें जात असतां योकोईंना एक कंटाळलेला प्रवासी दिसला. तो कॅलक्युलेटरच्या कळा उगीचच दाबीत वेळ घालवीत होता. हिशेब कसला नव्हताच. योकोईंच्या मनांत आलें कीं, खिशांत मावेल आणि चार लोकांत हातीं धरतांना प्रौढ मनुष्यालाहि संकोच वाटणार नाहीं असा एखादा खेळ मिळाला तर? ही कल्पना मालकांच्या कानीं गेली तीहि चमत्कारिक रीतीनें. यामाउचींचा मोटार हांकणारा आजारी पडल्यामुळें योकोईंना गाडी चालवावयास बसविलें होतें. वाटेंत बोलावयास कांहींतरी हवें म्हणून त्यांनीं हा विषय काढला. मालकांनीं हूं कीं चूं केलें नाहीं. परंतु ज्या बैठकीस ते चालले होते तेथें शार्पचे अध्यक्ष त्यांच्या शेजारींच बसले. आणि आठवडा लोटतो न लोटतो तोंच शार्पची मंडळी निन्टेन्डोच्या दारांत हजर झाली.

२८ एप्रिल १९८० रोजीं 'गेम अँड वॉच' मालिकेंतील पहिला खेळ 'बॉल' विक्रीस आला. कॅलक्युलेटरवर आंकड्यांचे तुकडे जसे ठरलेल्या जागींच उमटतात, तसाच यांतील गडी ठरलेल्या जागींच उमटे: कधीं हात डावीकडे, कधीं उजवीकडे. मधली हालचाल पाहणाऱ्यानें आपल्या मनानें भरून काढावयाची. खेळ संपला कीं तेंच यंत्र घड्याळाचें काम करी. या मालिकेचे सर्व मिळून ४ कोटी ३४ लाख नग जगभर विकले गेले.

१९८२ सालीं याच मालिकेंत पुस्तकासारखें मिटणारें, दोन पडद्यांचें 'डाँकी काँग' निघालें. वर आलेला दांडा ठेवला तर तें मिटणार कसें? योकोईंनीं त्यावर बेरजेच्या चिन्हाच्या आकाराची एकच चपटी कळ बसविली. मध्यें टेंकू, चार टोंकांस चार दिशा; एक टोंक दाबलें कीं समोरचें उचललें जातें आणि खालीं न पाहतांहि अंगठ्याला दिशा कळते. पुढील वर्षीं निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर ती कळ आली, आणि त्यानंतरच्या बहुतेक खेळयंत्रांवर तिचें कोणतें ना कोणतें रूप दिसतें. मूळचा 'डाँकी काँग' हा नाणें टाकून खेळावयाचा मोठा खेळ १९८१ सालचा. त्याची कल्पना शिगेरू मियामोतो या तरुणाची आणि देखरेख योकोईंची. मियामोतोंचें नांव पुढें योकोईंच्या नांवाहून कितीतरी मोठें झालें.

आतां मुख्य गोष्ट. २१ एप्रिल १९८९ रोजीं 'गेम बॉय' जपानांत निघाला. किंमत १२,५०० येन. योकोई व सातोरू ओकादा आदिकरून त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो सिद्ध केला. पडदा हिरवट, त्यांत अवघ्या चार छटा, आंतून उजेड नाहीं. त्याच वर्षीं अमेरिकेंत अटारी कंपनीचा 'लिंक्स' आला आणि १९९० सालीं जपानांत सेगा कंपनीचा 'गेम गिअर'. दोन्ही रंगीत, दोन्ही आंतून उजळणारे. दुकानाच्या कपाटांत शेजारीं मांडले तर गेम बॉयकडे कोणीं ढुंकूनहि पाहूं नये, असा तो देखावा! परंतु त्या रंगीत यंत्रांना सहा पेन्सिल सेल लागत आणि ते थोड्याच तासांत संपत. गेम बॉयला चार लागत आणि ते कितीतरी अधिक वेळ पुरत. सेलचे पैसे कोणाच्या खिशांतून जातात हें मुलांस ठाऊक नसेल, बापांस चांगलें ठाऊक असतें. रंगांविषयीं योकोईंचें म्हणणें ऐकण्यासारखें आहे. फळ्यावर दोन वर्तुळें काढून 'हा बर्फाचा बाहुला' असें म्हटलें कीं पाहणाऱ्यास बर्फाची शुभ्रता आपोआप जाणवते, असें ते सांगत. खेळच चांगला असेल तर रंग मन पुरवितें.

आणि खेळ चांगला होता. मॉस्कोंतील अलेक्सेय पाजित्नोव यांनीं रचलेला 'टेट्रिस' अमेरिकेंत गेम बॉयबरोबरच दिला जाई. ज्यांनीं हें यंत्र कधीं पाहिलें नाहीं अशा आपल्याकडील पालकांसहि वरून पडणाऱ्या विटा रचण्याचा तो खेळ आठवत असेल; १९९० नंतरच्या दशकांत त्याच्या स्वस्त नकला आपल्या बाजारांत रस्तोरस्तीं मिळत, आणि त्यांचा पडदाहि त्याच कॅलक्युलेटरच्या जातीचा. दोन गेम बॉय तारेनें जोडण्याची सोय होती. लहानपणीं किडे गोळा करण्याचा छंद असलेल्या सातोशी ताजिरी यांना त्या तारेवरून किडे इकडून तिकडे चालले आहेत असें मनांत दिसलें. १९९६ सालीं जन्मलेल्या 'पोकेमॉन'चें बीज तें. गेम बॉय व त्याची मागाहूनची रंगीत आवृत्ति मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक यंत्रें खपलीं.

योकोईंच्या सूत्राचा सोयीचा अर्थ आळशी मनुष्य लगेच काढील, कीं नवें शिकण्याचें कारण नाहीं. तो अर्थ खोटा आहे. लांकूड वाळावयाचें तर आधीं कोणींतरी झाड लावलें पाहिजे. शार्पच्या संशोधकांनीं द्रव-स्फटिकाच्या पायीं पैसा आणि श्रम ओतले नसते तर योकोईंनीं उचलावयाचें काय? सर्वच देशानें वाळलेल्या लांकडाची वाट पाहत बसावें असें आमचें म्हणणें नाहीं. आमचा आक्षेप निराळा आहे. आपल्या मुलांजवळ वाळलेली विद्या पुष्कळ असते. ती आपण रद्दींत घालतों. तरफ, कप्पी, आरसा, भिंग, विजेची वाट हें सारें आठवी-नववींत शिकवून होतें. परीक्षा आटोपली कीं पुस्तक रद्दीवाल्याकडे आणि विद्या त्याच्यामागून. मग हेच पालक नव्या नांवाच्या महाग शिकवण्या शोधीत फिरतात. घरांत बिघडून पडलेला पंखा किंवा रेडिओ मुलानें उघडून पाहिला तर मात्र त्याच्यावर ओरड! कॅलक्युलेटरचा पडदा योकोईंना उपयोगीं पडला तो त्याची नस त्यांना ठाऊक होती म्हणून. पाठ केलेल्या उत्तरांवर आडवा विचार चालत नाहीं.

दुसऱ्या बाजूनेंहि स्पष्ट बोललें पाहिजे. खेळ खिशांत नेऊन ठेवण्याची वाट ज्यांनीं रुंद केली त्यांत योकोई अग्रेसर होते, आणि त्याच वाटेनें पुढें मोबाइलमधले खेळ आले. 'बॉल' हा एकच खेळ होता. थोड्या वेळानें मुलाला त्याचा वीट येई आणि तें उठून जाई. आतांचे कित्येक खेळ वीट येऊं नये अशाच बेतानें रचलेले असतात आणि मध्येंच पैसे मागतात. याचा दोष आम्ही योकोईंच्या माथीं मारीत नाहीं. पण पालकांची चिंता पोकळ आहे असेंहि म्हणवत नाहीं.

१९९५ सालीं योकोईंचें 'व्हर्च्युअल बॉय' हें यंत्र निघालें. डोळे लावून आंत पाहिलें कीं तांबड्या दिव्यांच्या रेघा हलत्या आरशांवरून परावर्तित होऊन खोलीचा भास होई. निळे दिवे नुकतेच साधले होते आणि ते महाग, म्हणून सारें चित्र तांबडें. आमच्या मतें येथें सूत्राची अर्धीच बाजू पाळली गेली: दिवे वाळलेले होते, पण डोळ्यांस लावून एकट्यानें पाहण्याची कल्पनाच ओली होती. आठ लाखहि यंत्रें खपलीं नाहींत आणि वर्षाच्या आंतबाहेर तें बंद पडलें. १९९६ च्या ऑगस्टमध्यें योकोईंनीं निन्टेन्डो सोडली. अपयशामुळें सोडली असें लोक म्हणाले. त्यांनीं स्वतः तें नाकारलें. लगेच क्योतोंत 'कोतो' नांवाची लहानशी कंपनी काढून ते पुन्हां कामास लागले. ४ ऑक्टोबर १९९७ रोजीं इशिकावा प्रांतांत हमरस्त्यावर त्यांच्या मोटारीस किरकोळ धक्का लागला. काय झालें हें पाहण्यास ते खालीं उतरले असतां दुसऱ्या मोटारीनें त्यांना उडविलें. वय ५६ वर्षांचें.

ज्या यंत्राच्या जुळणींत ते गुंतले होते तें 'वंडरस्वान' बांदाई कंपनीनें ४ मार्च १९९९ रोजीं विक्रीस आणलें. पडदा बिनरंगाचा, आणि चालावयास एकच पेन्सिल सेल. त्यावरील एका खेळास त्यांच्या नांवावरून 'गुन्पे' म्हणतात. तुटक तिरप्या रेघा वरखालीं सरकवून डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एक सलग रेघ जुळविणें, एवढाच तो खेळ.