राक्षस तेच, पुस्तक नवे

मोठ्याची बालभारती धाकट्याला, धाकट्याची शेजारणीच्या मुलीला आणि उरलेली पुस्तके अप्पा बळवंत चौकात अर्ध्या किमतीला, असा आमच्या पिढीचा शिरस्ता होता. अभ्यासक्रम बदलला की मात्र सगळा गठ्ठा रद्दीत. पण अभ्यासक्रम खेळाचाही बदलतो, हे मला बंगळुरूला, महादेवपुऱ्यात भाचीकडे मुक्कामाला गेले तेव्हा कळले.

दहावीतल्या नातवाला तीन पुस्तके हवी होती. त्याच नावाची तीन जाडजूड पुस्तके कपाटात होतीच, जावयांनी चार वर्षांपूर्वी आणलेली.

"मावशी, तूच सांग याला. आहेत ती काय उंदरांनी खाल्लीत?" भाची म्हणाली.

"आजी, ती 2014 ची आहेत गं. आता 2024 ची आलीत!"

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो 1974 साली अमेरिकेत बाजारात आणला. एक भिडू सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली पात्रे होतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. वार लागला की हुकला, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. दर शनिवारी सोसायटीतली पाच मुले जेवणाच्या टेबलाभोवती तीन-तीन तास एकमेकांशी बोलत बसतात. एक तमिळ, एक मल्याळी, दोन कन्नड आणि आमचा मराठी. मला तरी यात तक्रारीजोगे काही दिसले नाही. चिवडा तेवढा फार लागतो.

बुद्धिबळातला वजीर गेली पाचशे वर्षे तसाच चालतो, त्यामुळे पट एकदा घेतला की संपले. या खेळाचे तसे नाही. तिसरी आवृत्ती 2000 साली निघाली आणि तीनच वर्षांनी, 2003 मध्ये 'साडेतीन' आली! ज्यांनी नुकतीच पुस्तके घेतली होती त्यांचा जीव किती चडफडला असेल. 2008 च्या चौथीने नियम इतके बदलले की पुष्कळ खेळाडू रुसून जुन्यालाच चिकटून राहिले. पायझो नावाच्या दुसऱ्या कंपनीने हे हेरले आणि साडेतीनच्या नियमांवर बेतलेला 'पाथफाइंडर' 2009 मध्ये काढला. रुसलेली मंडळी तिकडे गेली. पुढे 2019 मध्ये पाथफाइंडरचीही दुसरी आवृत्ती आली. घरोघरी मातीच्या चुली!

आता पैशांचे. खेळाडूंच्या पुस्तकाची अमेरिकेतली छापील किंमत 2014 साली 49.95 डॉलर होती, 2024 साली 49.99. म्हणजे दहा वर्षांत भाव वाढला म्हणायची सोय नाही. पण तिन्ही पुस्तके घ्यायची तर डॉलरच्या हिशेबाने तेरा-साडेतेरा हजार रुपये होतात. भाची अडली होती ती इथे.

मी नातवाजवळ बसून दोन्ही पुस्तके समजून घेतली, नवे त्याने मित्राकडून आणले होते. तेव्हा लक्षात आले, की पैसे हा खर्चाचा लहान भाग आहे. नवे पुस्तक 384 पानांचे. ते एकट्याने वाचून भागत नाही, पाचही जणांना वाचावे लागते. जखम भरण्याचा मंत्र घ्या. पूर्वी त्याला आठ बाजूंचा एक फासा टाकत, आता दोन. टेबलावर एकाजवळ जुने पुस्तक आणि एकाजवळ नवे असेल, तर जखम कोणत्या हिशेबाने भरायची? राक्षस राहील बाजूला, मुलेच भांडतील.

बरे, जुने पुस्तक काही नासत नाही. जुन्या साहसकथा नव्या नियमांनीही खेळता येतील, असे खुद्द प्रकाशकांनीच सांगितले आहे. जुन्या नियमांचा गाभा कंपनीने जानेवारी 2023 मध्ये खुल्या परवान्याने मोफत देऊन टाकला, नव्याचाही 2025 मध्ये. म्हणजे नवे नियम चाखून बघायला छदामही लागत नाही. हे नातवाने आईला सांगितलेच नव्हते, लबाड कुठला!

कपाटातल्या पुस्तकाचा आणखी एक गुण आहे. याच कंपनीच्या इंटरनेटवरच्या सेवेत, ऑगस्ट 2024 मध्ये, लोकांनी विकत घेतलेल्या जुन्या मंत्रांच्या जागी नवे घालायचे ठरले होते. खेळाडूंनी ओरड केली, तेव्हा काही दिवसांतच बेत मागे घेतला गेला. कपाटातल्या पुस्तकाचे पान असे कुणाला परस्पर बदलता येत नाही.

शनिवारी पाची मुलांची सभा भरली. चालू गोष्ट जुन्याच नियमांनी संपवायची, असे चार विरुद्ध एक मतांनी ठरले. विरोधातले मत आमचे. मग नवे खेळाडूंचे पुस्तक पाच जणांत मिळून एकच घ्यायचे, डोईवर नऊशे रुपये वर्गणी. उरलेली दोन पुढे बघू. भाचीने नऊशे रुपये मुकाट्याने काढून दिले.

नातू दोन दिवस फुरंगटला. तिसऱ्या दिवशी त्याच्या मांत्रिकाला ड्रॅगनने भाजून काढले, तेव्हा तो एकच फासा हातात घेऊन माझ्याकडे वळला, "बघ आजी, नव्या नियमांनी दोन मिळाले असते!"