जमीन जाणार असेल तर वकील आधी गाठा, चेक नंतर



आपल्या सिंदखेडराजा तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. सिंदखेडराजा-शेगाव भक्ती महामार्गाला शेतकऱ्यांनी केलेला विरोध आपण पाहिला. जालना-खामगाव रेल्वेची मागणी तर कितीतरी जुनी. साखरखेर्ड्याच्या पारावर भूसंपादनाचा विषय निघाला की एकच प्रश्न येतो, "एकरी किती भेटतील?" माझं म्हणणं, त्याआधी विचारा, "आपल्या बाजूने कागद कोण वाचणार?"

सरकारकडे भूसंपादन अधिकारी असतो, मोजणीवाले असतात, सरकारी वकील असतो. शेतकऱ्याकडे? सातबारा, आणि टक्क्यावर काम करतो म्हणणारा एखादा दलाल. एक लक्षात ठेवा, मिळणाऱ्या रकमेत टक्का ठरवून फी घेणं वकिलाला नियमानुसार चालत नाही.

2013 चा भूसंपादन कायदा वाईट नाही. बाजारभाव, त्यावर ग्रामीण भागासाठी गुणक, झाडं-विहिरींची किंमत आणि वर तेवढंच, म्हणजे 100 टक्के दिलासा रक्कम. पण हा कायदा तारखांवर चालतो. प्राथमिक अधिसूचना निघाल्यापासून 60 दिवसांत हरकत. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर वाढीव मोबदल्याचा अर्ज 6 आठवड्यांत. उशीर झाला तर सबळ कारण दाखवत बसा. आणि चेक घेताना 'अंडर प्रोटेस्ट' लिहिलं नाही, तर वाढीव मोबदला मागायचा हक्कच जातो. दोन शब्दांची किंमत लाखांत आहे!

राष्ट्रीय महामार्ग असेल तर कायदाच वेगळा, 1956 चा. तिथं हरकतीला फक्त 21 दिवस आणि मोबदल्याचा वाद लवादापुढे. संमतीनं थेट खरेदीखत करून दिलं तर पैसे लवकर येतात, पण सही करताना पुढचे कोणते रस्ते बंद होतात, हे कोणी समजावून सांगतं का?

मोजणीतही तेच. विहीर आहे पण सातबाऱ्यावर नोंद नाही. पाईपलाईन जमिनीत गाडलेली, म्हणून पंचनाम्यात नाही. आजोबा जाऊन वर्षं झाली, वारस फेरफार नाही. बहिणीची सही बाकी. हे सगळं अधिसूचना यायच्या आधी दुरुस्त होऊ शकतं. नंतर भावाभावांत कोर्ट लागतं आणि मोबदला अडकून पडतो.

कोणी म्हणेल, वकील आले की प्रकल्प रखडतात. उलट आहे. पंचनामा चुकला, भाव कमी धरला, की प्रकरण वर्षानुवर्षं चालतं. शेवटी वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी 9 टक्के आणि पुढे 15 टक्के व्याज सरकारलाच भरावं लागतं. तो पैसा तुमचा-माझाच. अधिकाऱ्यालाही सुरुवातीलाच नीट कायदेशीर सल्ला मिळाला, तर दोघांचंही भलं.

फुकट वकिलाची सोय आजही आहे. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना मोफत वकील मिळतो. महिलांना तर उत्पन्नाची अटही नाही. सातबाऱ्यावर नाव असलेल्या आई-बहिणींनी हे ध्यानात ठेवावं. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा, किंवा 15100 वर फोन लावा.

पण लोकांनी शोधत फिरावं, ही अपेक्षाच चूक आहे. माझी मागणी साधी आहे. ज्या गावात भूसंपादनाची अधिसूचना लागेल, त्या गावात आठ दिवसांत विधी सेवेचा वकील ग्रामसभेत बसला पाहिजे. मराठीत तारखा लिहिलेला कागद प्रत्येक खातेदाराच्या हातात पडला पाहिजे. आपल्या ग्रामपंचायतीनं तसा ठराव घेऊन जिल्हाधिकारी साहेबांकडे पाठवावा.

विकासाला विरोध नाही. पण जमीन एकदाच जाते, परत येत नाही. पटलं तर पुढे पाठवा, आणि आजच आपला सातबारा काढून एकदा तपासा.