सहल रद्द कोणी केली?

इचलकरंजीतील एका सूत-व्यापारी कुटुंबाने २०२५ च्या मे महिन्यात काश्मीरला जाण्याचे फेब्रुवारीतच निश्चित केले होते. दोन भाऊ, त्यांच्या पत्नी, पाच मुले, अण्णा आणि आज्जी अशी अकरा माणसे. कांदा-लसणाशिवाय आणि सूर्यास्तापूर्वी जेवण देण्यास तयार असलेले हॉटेल श्रीनगरमध्ये शोधून त्याला निम्मी रक्कम इसार म्हणून पाठवून झाली होती. विमानाची तिकिटे ११ मेची होती. २२ एप्रिल रोजी पहलगामजवळच्या बैसरन कुरणात दहशतवाद्यांनी २६ जणांची हत्या केली. मृतांत महाराष्ट्रातील पर्यटकही होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी धाकट्या मुलाला सांगितले, “सगळं रद्द करून टाक. पैसे गेले तर गेले.”

धाकट्याने दहा मिनिटांत मोबाईलवरूनच अकरा तिकिटे रद्द केली. तिकिटामागे तीन हजारांहून अधिक रुपये कापले गेले.

त्याच विमानाची पाच तिकिटे जयसिंगपूरच्या व्याह्यांकडे होती. भीती त्यांनाही वाटत होती आणि काश्मीरला जायचे नाही, हे त्यांच्या घरातही त्याच दिवशी ठरले होते. मात्र अडत दुकानात आयुष्य घालवलेल्या त्या गृहस्थांनी प्रथम तिकिटावरील अटी वाचल्या. प्रवासाच्या चार दिवस आधीपर्यंत रद्द करण्याचे शुल्क एकसारखेच राहणार होते. म्हणजे आज रद्द केले काय आणि ७ मेला केले काय, तोटा तेवढाच होता. त्यांनी दिनदर्शिकेवर ७ मेच्या चौकोनात खूण केली आणि ते थांबले. त्या दिवसांत अनेक विमान कंपन्यांनी श्रीनगरच्या तिकिटांवरील शुल्क काही मुदतीपुरते माफ केले होते. ती सवलत आपल्या तारखेपर्यंत वाढते का, हे ते दर दोन दिवसांनी विचारत राहिले. ७ मेला पहाटे भारताने पाकिस्तानातील दहशतवादी तळांवर हल्ले केले आणि श्रीनगरसह उत्तर व पश्चिम भारतातील अनेक विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद झाले. पुढे ही संख्या ३२ वर गेली आणि १२ मे रोजी विमानतळ पुन्हा खुले झाले. मधल्या काळात कंपनीनेच ११ मेचे उड्डाण रद्द केले. व्याह्यांच्या खात्यात पै न पै जमा झाली.

युद्धसदृश स्थिती उद्भवेल, हे व्याह्यांना ठाऊक नव्हते. त्यात नशिबाचा भाग मोठा होता. तथापि थांबण्याने काही बिघडत नाही, हे त्यांनी वाचून जाणले होते, ते नशीब नव्हे. घाबरण्यात अण्णांचे काही चुकले नाही. चुकली ती घाई.

या सर्व प्रकरणाचे मर्म एका प्रश्नात आहे: सहल रद्द कोणी केली? प्रवाशाने केली, तर तिकिटावरील अटी लागू होतात. विमान कंपनीने केली, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार प्रवाशाला पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा मिळाला पाहिजे. आपत्ती, युद्ध, राजकीय अस्थैर्य अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही, परंतु परताव्याचा हक्क त्यामुळे बुडत नाही. तिकीट एजंटामार्फत काढले असले, तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच असते. पैशांऐवजी ‘क्रेडिट शेल’, म्हणजे कंपनीकडेच जमा राहणारी रक्कम घ्यायची की नाही, हे प्रवाशाने ठरवायचे असते. २०२० च्या टाळेबंदीत कंपन्यांनी हा शेल सरसकट गळ्यात मारला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १ ऑक्टोबर २०२० च्या निकालाने परताव्याचे मार्ग आखून दिले गेले. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. तिकीट ‘परतावा नाही’ अशा प्रकारचे असले, तरी त्यातील शासकीय कर आणि विमानतळाचे शुल्क परत मिळते. इचलकरंजीच्या घरात याची आठवण जून महिन्यात झाली.

रेल्वेचेही सूत्र हेच आहे. शिखरजीच्या वाटेवरील गाडी पुरामुळे रेल्वेनेच रद्द केली, तर ऑनलाइन तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप परत येतात. घाईने स्वतः रद्द करणारा कापून घेऊन बसतो. तिकीट काढताना जो पंचेचाळीस पैशांचा विमा घेतला जातो, तो यात्रा रद्द झाल्याबद्दल एक रुपयाही देत नाही. तो अपघाताचा विमा आहे: मृत्यू अथवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास दहा लाख, रुग्णालयाच्या खर्चासाठी दोन लाखांपर्यंत. तेवढ्या पैशांत तेही थोडे नाही, पण त्याच्याकडून दुसरी अपेक्षा ठेवू नये.

मग प्रवास विमा कशासाठी? इचलकरंजीच्या मोठ्या सूनबाईंनी तिकिटे काढतानाच विम्याच्या चौकोनात खूण केली होती आणि त्यामुळे सर्व निश्चिंत होते. दावा केल्यावर उत्तर आले, की रद्द करण्याची ग्राह्य कारणे पॉलिसीत नमूद आहेत आणि ‘जावेसे न वाटणे’ हे त्यांत नाही. बहुतेक पॉलिसींची रीत अशीच असते. प्रवाशाचा किंवा जवळच्या नातेवाईकाचा मृत्यू, गंभीर आजार, नैसर्गिक आपत्ती अशी कारणे मोजून लिहिलेली असतात. काही पॉलिसींत दहशतवादी घटनेचा समावेश असतो, परंतु ती प्रवासापूर्वी किती दिवसांच्या आत आणि कोणत्या ठिकाणी घडली पाहिजे, याच्या अटी असतात. युद्ध बहुतेक ठिकाणी वगळलेले असते. एप्रिलची घटना आणि मेची घटना घरातील माणसाला एकच संकट वाटली, तरी विमा कंपनीच्या लेखी ती दोन वेगळ्या कलमांत मोडतात. संकट जाहीर झाल्यानंतर घेतलेला विमा त्या संकटाला लागू होत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. गोदामाला आग लागल्यावर विमा उतरवायला कोणी जात नाही.

विम्याची खरी गरज कोठे पडते, हे या भागातील माणसांनी ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाहिले आहे. पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ पुणे–बेंगळुरू महामार्ग बंद पडला. पुण्याच्या विमानतळावरून मात्र विमाने उडत होती. अशा वेळी प्रवासी घरात अडकतो, विमान वेळेवर जाते आणि कंपनीच्या नोंदीत प्रवासी ‘आला नाही’ एवढेच उरते. येथे कंपनीकडून परतावा मागण्यास जागा नाही. करांची रक्कम तेवढी मिळेल. नैसर्गिक आपत्तीमुळे विमानतळावर पोहोचता न आल्यास भरपाई, असे कलम पॉलिसीत असेल तरच उरलेले पैसे वाचतात. पावसाळ्यात निघणाऱ्या कुटुंबाने पॉलिसी घेताना दुसरे काही वाचले नाही, तरी हे एक कलम शोधावे. दोन विमाने बदलून जायचे असेल, तर शक्यतो दोन्ही एकाच तिकिटावर घ्यावीत. वेगवेगळी घेतल्यास एक रद्द झाले म्हणून दुसऱ्याचे पैसे कोणी देत नाही.

दावा फेटाळला गेला तेव्हा इचलकरंजीत एका परिचित एजंटाने सोपा मार्ग सुचवला होता. आज्जी आजारी असल्याचा दाखला डॉक्टरांकडून घ्यावा, म्हणजे सर्वांचे पैसे मिळतील. “मी कुठं आजारी आहे?” एवढेच आज्जी म्हणाल्या आणि विषय तेथे संपला. घरात थोडी चुळबुळ झाली, हेही खरे. रक्कम लहान नव्हती. खोटा दाखला उघडकीस आल्यास दावा तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. ज्या घराचा सौदा आजही फोनवरच्या शब्दावर होतो, त्या घराला तो दाखला फार महाग पडला असता.

दावा खरा असून तो अन्यायाने नाकारला गेला असेल, तर गोष्ट निराळी. प्रथम विमा कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. सांगली-कोल्हापूरकडील तक्रारी पुण्याच्या कार्यालयाकडे जातात. तेथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही आणि पन्नास लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. टूर कंपनी अथवा विमान कंपनीविरुद्ध तक्रार असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि तोही स्वतःच्या जिल्ह्यातील. कंपनी दिल्लीची असली तरी दिल्लीला जावे लागत नाही. या सर्व ठिकाणी कागद लागतो: रद्द झाल्याचा संदेश, भरलेल्या रकमेची पावती, मिळालेल्या परताव्याची नोंद. कंपनीने रद्द केल्याचा संदेश फोनमधून पुसू नये.

हॉटेलच्या इसाराचा प्रश्न सर्वांत शेवटी सुटला, आणि तोही न भांडता. त्याबाबत लेखी अटच नव्हती. सुताच्या सौद्यात भाव, वजन आणि मुदत लिहून घेणाऱ्या या कुटुंबाने एवढी रक्कम केवळ मोबाईलवरील संदेशावर पाठवली होती. पलीकडे श्रीनगरच्या मालकाचा सारा मोसम बुडाला होता. आचारी, माळी, गाडीवाले सर्व बसून होते. अण्णांनी स्वतः फोन केला. रोख परत मागितली नाही, तर पुढच्या एका मोसमापर्यंत जमा धरावी आणि तसे लिहून द्यावे, एवढेच मागितले. मालकाने होकार दिला. त्याच्या सही-शिक्क्याचा तो कागद आता दुकानाच्या तिजोरीत सुताच्या बिलांबरोबर ठेवलेला आहे.